अमरकंद आणि इतर औषधी ऑर्किडांची जनुकीय विविधता जपण्याची कार्यपद्धती

सातपुड्यात, मेळघाटात आणि सह्याद्रीच्या पानझडी रानांत पावसाच्या सुरुवातीला जमिनीतून फुलोऱ्याचा सरळ दांडा वर काढणारा अमरकंद हा युलोफिया या ऑर्किड प्रजातीचा आहे. आपल्याकडे या नावाखाली प्रामुख्याने युलोफिया ऑक्रिएटा आणि युलोफिया स्पेक्टॅबिलिस या दोन जाती येतात. दुसरीचे जुने नाव युलोफिया न्यूडा असे होते आणि औषधी वनस्पतींवरील बऱ्याच लिखाणात ती अजून त्याच नावाने सापडते. आदिवासी समाजांत अमरकंदाचा कंद अन्न म्हणूनही खाल्ला जातो आणि अशक्तपणा, जंत, गाठी अशा तक्रारींवर औषध म्हणूनही दिला जातो. युलोफियाचे कंद सालम मिश्रीच्या नावानेही बाजारात विकले जातात. पान, फूल किंवा साल खुडली तर झाड उरते, पण कंद खणला की बहुतेक वेळा झाडच संपते. म्हणून औषधी ऑर्किडांमध्ये कंदवर्गीय जातींची काळजी सर्वांत आधी घ्यावी लागते.

हा लेख जैवविविधता व्यवस्थापन समित्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा, महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग आणि रोपवाटिका चालवणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. त्यातील मुख्य आग्रह एकच आहे. संवर्धनाचे यश रोपांच्या संख्येवर जोखले जाते, परंतु ऑर्किडांच्या बाबतीत ही संख्या फार फसवी असते. ऑर्किडाचे पराग सुटे नसतात, त्यांचे घट्ट पिंड बनलेले असतात. एकाच परागपिंडाने फळ धरले तर त्या एका बोंडातील हजारो, कधी लाखो बिया एकाच आईबापाची सख्खी भावंडे असतात. कोणत्याही एका जनुकाची जास्तीत जास्त चार रूपे त्या साऱ्या बियांमध्ये मिळून असू शकतात. अशा एका बोंडातून प्रयोगशाळेत दहा हजार रोपे तयार करून डोंगरभर लावली, तरी रानात एका कुटुंबाचीच भर पडते. रोग, लांबलेला पाऊस किंवा वाढलेली उष्णता यांना तोंड देण्यासाठी लागणारे वेगळेपण त्यातून येत नाही.

पहिली पायरी: ओळख पक्की करणे

अमरकंदाची ओळख फुलावरूनच करावी. पाने वाळल्यावर किंवा कंद सुकवल्यावर युलोफियाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. फुलोऱ्याच्या दिवसांत संपूर्ण दांडा, एक फूल समोरून, तेच फूल बाजूने आणि ओठासारखी पाकळी जवळून, अशी छायाचित्रे घ्यावीत. त्या ओठावरील उभ्या कण्या आणि तळाचा फुगीर भाग जातीनुसार बदलतो. ताजा कंद कापला तर आत पांढरट, चिकट गर दिसतो आणि बाहेरून पेरांच्या वलयखुणा असतात. मात्र केवळ ओळखीसाठी कंद खणू नये. सुकवलेला नमुना ठेवायचाच असेल तर दांडा आणि एक पान पुरेसे आहे, आणि समूहात पन्नासांपेक्षा कमी झाडे असतील तर तेही टाळून छायाचित्रांवर भागवावे. शंका राहिल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून किंवा जवळच्या विद्यापीठातील वर्गीकरण जाणणाऱ्या प्राध्यापकांकडून खात्री करून घ्यावी.

ओळखीबाबत इतका आग्रह धरण्याचे कारण बाजारात दिसते. रास्ना म्हणून पूर्व भारतात व्हँडा टेसेलाटा या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडाची मुळे विकली जातात, तर इतरत्र प्लुचिया लॅन्सिओलाटा किंवा कुलिंजन रास्ना म्हणून वापरले जाते. जीवंतीच्या नावाने ऑर्किडही विकले जाते आणि लेप्टाडेनिया रेटिक्युलाटा ही वेलही विकली जाते. एकाच नावाखाली दोन-तीन जाती विकल्या जात असताना त्यांतील कोणती जात रानातून कमी होत आहे, हे विक्रीच्या आकड्यांवरून कळूच शकत नाही. सुकलेल्या मालाची जात ठरवायची असल्यास डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांवरून जात ओळखणे, हा मार्ग आहे. त्यासाठी आयटीएस आणि मॅट-के हे जनुकीय भाग सामान्यतः वापरले जातात.

दुसरी पायरी: समूहांचा नकाशा आणि मोजणी

गावाच्या हद्दीतील प्रत्येक समूह नकाशावर घ्यावा. जुन्या खोदणाऱ्यांना, वैदूंना आणि गुराख्यांना सोबत घेतल्याशिवाय हे काम नीट होत नाही, कारण पूर्वी अमरकंद कुठे होता आणि आता कुठे नाही ही माहिती त्यांच्याचकडे असते. संपलेल्या जागाही नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवाव्यात. पुढे रोपे परत लावताना त्यांचाच उपयोग होतो.

मोजणीत चार आकडे वेगळे लिहावेत: फुललेली झाडे, न फुललेली मोठी झाडे, लहान रोपे आणि धरलेली बोंडे. जमिनीतील ऑर्किडांचा एखादा कंद एखादे वर्ष पानही न काढता तसाच राहू शकतो, त्यामुळे एका हंगामाच्या मोजणीवरून घट किंवा वाढ ठरवू नये. किमान तीन हंगाम त्याच चौकटीत, त्याच दिवसांच्या सुमारास मोजणी करावी. मोठी झाडे भरपूर पण लहान रोपे अजिबात नाहीत, असे चित्र तीनही वर्षे दिसले तर त्या समूहात बी रुजणे थांबलेले आहे, असे समजून पुढचे काम तिथूनच सुरू करावे.

नेमक्या जागेचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर किंवा खुल्या संकेतस्थळांवर टाकू नयेत. लोकजैवविविधता नोंदवहीत जातीची नोंद करावी, परंतु जागांचा तपशील समितीकडे गोपनीय ठेवावा.

तिसरी पायरी: जनुकीय विविधता तपासणे

प्रयोगशाळा हाताशी नसली तरी धोका कुठे जास्त आहे याचा अंदाज बांधता येतो. समूह किती लहान आहे, शेजारच्या समूहापासून किती तुटलेला आहे आणि त्यात दरवर्षी किती झाडे खरोखर फळतात, या तीन गोष्टी पाहाव्यात. रानात शंभर झाडे दिसली तरी बी धरण्यात त्यांतील दहाच भाग घेत असतील, तर जनुकशास्त्राच्या हिशेबाने तो जवळजवळ दहांचाच समूह ठरतो, आणि अशा समूहातील आनुवंशिक वैविध्य दर पिढीला सुमारे ५ टक्क्यांनी कमी होत जाते. हा ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही. झाडे हिरवीगार असतात, फुलतातही, आणि काही पिढ्यांनंतर पोचट बियांचे प्रमाण वाढू लागते.

प्रयोगशाळेची मदत मिळत असेल तर प्रत्येक समूहातून २५ ते ३० झाडांच्या पानांचे नमुने घ्यावेत. निरोगी पानाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. तो कागदी पाकिटात घालून, पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) असलेल्या हवाबंद पिशवीत ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते लगेच बदलावे, कारण पान एक-दोन दिवसांत कडकडीत वाळले नाही तर डीएनए खराब होतो. अमरकंदाचे कंद जमिनीखाली वाढून फुटतात आणि शेजारी दिसणारे चार दांडे एकाच मूळ झाडाचे असू शकतात. म्हणून एका झुबक्यातून एकच नमुना घ्यावा आणि दोन नमुन्यांमध्ये काही मीटरांचे अंतर राखावे.

संशोधकांना दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत. एकूण विविधतेचा किती भाग समूहांच्या आत आहे आणि किती भाग समूहासमूहांमध्ये वाटलेला आहे? आणि आपल्या समूहात एकमेकांच्या प्रतिकृती असलेली झाडे किती आहेत? बरीचशी विविधता प्रत्येक समूहाच्या आतच असेल तर दोन-तीन मोठे समूह नीट राखणे ही प्राथमिकता ठरते. समूह एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले तर लहानात लहान समूहही सोडून चालत नाही आणि त्यांच्या बियांची सरमिसळ करता येत नाही. झाडाझाडांतील फरक डीएनएवरील ठरावीक खुणांवरून मोजतात, आणि त्यासाठी मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी या खुणा अधिक भरवशाच्या आहेत. आयएसएसआर ही खुणांची दुसरी पद्धत स्वस्त आणि सोपी आहे, मात्र तिच्यात झाडाकडे एका जनुकाची दोन वेगळी रूपे आहेत की एकच, हे थेट वाचता येत नाही. आरएपीडी या आणखी एका पद्धतीचे निष्कर्ष एका प्रयोगशाळेतून दुसरीत पडताळताना जुळतातच असे नाही, त्यामुळे नव्या कामासाठी ती पद्धत मी सुचवणार नाही. या खुणा औषधी गुण मोजत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. युलोफियाच्या कंदांतून वेगळ्या केलेल्या फिनँथ्रीन वर्गातील घटकांचे प्रमाण स्वतंत्रपणे तपासावे लागते. केवळ जास्त घटक असलेली झाडे निवडून तीच वाढवत गेलो, तर विविधता आपल्याच हाताने कमी होते.

चौथी पायरी: जागेवरचे रक्षण

मूळ जागेवरचे रक्षण हाच या कामाचा कणा आहे, कारण ऑर्किडाला मातीतील बुरशी आणि परागण करणारे कीटक हे दोन्ही लागतात आणि ते कुंडीत नेता येत नाहीत. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नुसार ग्रामसभेला वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार आहे, आणि त्याच कायद्यात कंद व औषधी वनस्पती गौण वनोपजात मोडतात. म्हणजे वापराचा हक्क आणि राखण्याची जबाबदारी एकाच सभेकडे येते. तिने ठरावात पुढील बाबी घ्याव्यात.

बोंडे फुटून बी उडाल्याशिवाय आणि पाने वाळल्याशिवाय खोदाई नको. पावसाळ्यात फुललेला दांडा पाहून खणणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत घातकही तेच असते, कारण झाड आणि त्याचे त्या वर्षाचे बी दोन्ही एकदम जातात. खणताना नव्या फुटीचा डोळा असलेला कंद मातीतच ठेवावा, मागचा जुना कंद तोडून घ्यावा आणि खड्डा त्याच मातीने व पालापाचोळ्याने भरावा. रानाचे भाग पाडून एक भाग खोदाईला खुला आणि बाकीचे काही वर्षे बंद, अशी पाळी लावावी. लहान रोपे नसलेला समूह पूर्ण बंद ठेवावा.

मृदसंधारणाच्या कामांकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. सलग समतल चर आणि वृक्षलागवडीचे खड्डे बहुधा पावसाआधी, म्हणजे अमरकंद जमिनीखाली असताना खणले जातात. त्या वेळी वर काहीच दिसत नसल्याने अख्खा समूह मजुरांच्या कुदळीखाली जाऊ शकतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चरांची आखणी करण्यापूर्वी आदल्या पावसाळ्यातील नकाशा कृषी किंवा वन कर्मचाऱ्यांना दाखवून समूहांच्या जागा आखणीतून वगळून घ्याव्यात. उन्हाळ्यातील वणव्यात खोल कंद वाचू शकतो, परंतु वरचा पालापाचोळा आणि त्यातील बुरशी जळते आणि बी रुजण्याची जागा नाहीशी होते. त्यामुळे जाळरेषा समूहाच्या बाहेरून काढावी. रानडुक्कर आणि साळिंदर कंद उकरतात. लहान समूहाला काटेरी फांद्यांचे कुंपण पुरते.

पाचवी पायरी: गरज पडल्यास हाताने परागण

तुटलेल्या समूहांत कीटक येत नसतील तर बोंडेच धरत नाहीत. अनेक ऑर्किडे कीटकांना मध न देता रंगारूपाने फसवून बोलावतात आणि त्यांची फळधारणा मुळातच कमी असते. तीन हंगामांच्या मोजणीत बोंडे नगण्य दिसली तरच हा उपाय करावा.

सकाळी ताजे उमललेले फूल घ्यावे. मधल्या स्तंभाच्या टोकाला एक छोटी टोपी असते. दातकोरणीच्या टोकाने ती खालून हलकेच उचलली की टोपी गळते आणि दातकोरणीला चिकटून दोन पिवळे पिंड एका आखूड देठासह बाहेर येतात. स्तंभाच्या पुढच्या बाजूला टोपीच्या खालीच एक ओलसर, चकाकणारी खळगी असते. दुसऱ्या झाडाच्या फुलातील त्या खळगीत हे पिंड टेकवले की ते तिथेच धरले जातात. आई आणि बाप झाडे एकाच झुबक्यातील नसावीत, त्यांच्यात शक्य तितके अंतर असावे, मात्र दोन्ही त्याच समूहातील असावीत. एका दांड्यावर दोन-तीन फुलांनाच परागण करावे, कारण जास्त बोंडे पोसताना कंद दमतो आणि पुढच्या वर्षी झाड फुलत नाही. प्रत्येक फुलाला रंगीत दोरा बांधून आई आणि बापाचा क्रमांक वहीत लिहावा. दर जोडीला बाप बदलावा.

दूरच्या डोंगरावरील पराग आणणे हा शेवटचा पर्याय आहे. समूहात मोजकीच झाडे उरली असतील आणि तपासणीत अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातील झाडांमध्येच बी धरत असल्याचा) पुरावा मिळाला असेल, तरच तज्ज्ञांच्या सल्ल्याने तो विचारात घ्यावा. अन्यथा शेकडो पिढ्यांत त्या डोंगराशी जुळलेले गुण विस्कळीत होण्याचा धोका असतो.

सहावी पायरी: बी गोळा करणे आणि साठवणे

राखीव वनातून बी किंवा पाने घेण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते.

बोंड हिरवे सोडून पिवळट होऊ लागले आणि त्याच्या कण्या ठळक झाल्या की ते फुटण्याच्या बेतात असते. फुलण्यापासून तिथवर किती दिवस लागतात, हे आपल्या जागेवर नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी फेरी चुकत नाही. बोंड कागदी पाकिटात घ्यावे, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. समूहातील एकूण बोंडांपैकी एक पंचमांशापेक्षा जास्त घेऊ नयेत, बाकीचे बी रानासाठी राहू द्यावे.

किती झाडांकडून बी घ्यावे, याचे गणित सोपे आहे. एखादे जनुकरूप समूहात फक्त ५ टक्के प्रमाणात असेल, तर परस्परांशी नाते नसलेल्या ३० झाडांमध्ये ते किमान एकदा सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून थोडी जास्त असते. म्हणून समूह मोठा असेल तर समूहभर विखुरलेल्या किमान ३० झाडांकडून एकेक बोंड घ्यावे, आणि लहान असेल तर फळलेल्या प्रत्येक झाडाकडून थोडे थोडे बी घ्यावे. एका भरगच्च दांड्यावरून दहा बोंडे घेण्यापेक्षा दहा दांड्यांवरून एकेक घेणे कितीतरी मोलाचे आहे. प्रत्येक आईचे बी वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि ते शेवटपर्यंत एकत्र करू नये.

बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात रोपाला पोसणारा साठा जवळपास नसतोच. सूक्ष्मदर्शकाखाली जाळीदार, पारदर्शक आवरणाच्या मधोमध भ्रूणाचा गडद ठिपका दिसतो. ज्या बियांत हा ठिपका नाही त्या पोचट असतात. प्रत्येक पाकिटातील शंभर बिया पाहून भरलेल्या बियांचे प्रमाण लिहावे. नंतर सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात बी वाळवून, छोट्या काचेच्या कुप्यांत भरून फ्रिजमध्ये सुमारे ५ अंशांवर ठेवावे. दीर्घ साठवणीसाठी उणे २० अंश तापमान वापरतात. प्रत्येक आईच्या बियांचे दोन भाग करून ते दोन वेगळ्या संस्थांत ठेवावेत, कारण एक फ्रिज बंद पडला तर सगळे काम वाया जाते.

सातवी पायरी: रोपे तयार करणे

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ऑर्किडाचे बी रुजण्यासाठी बुरशी लागते हे दाखवून दिले, आणि १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीविनाही बी रुजवून दाखवले. आजही हेच दोन मार्ग आहेत. माध्यमावर रोपे लवकर मिळतात. बुरशीसह वाढवलेली रोपे आपला जोडीदार सोबत घेऊनच रानात जातात. स्थानिक बुरशी शोधण्यासाठी बी अतिसूक्ष्म छिद्रांच्या नायलॉन जाळीच्या पाकिटात घालून, आई झाडांच्या आसपास पुरून, पुढच्या हंगामात काढून पाहतात. कुठल्या पाकिटांत बी फुगून रुजले आहे यावरून बुरशी कुठे जिवंत आहे हे कळते, आणि रोपे लावण्याची जागाही ठरते.

टिशू कल्चरमध्ये एका उत्तम झाडाच्या तुकड्यापासून हजारो एकसारखी रोपे करता येतात. शेतीसाठी ते योग्य आहे, रानात लावण्यासाठी नाही. बियांपासून रोपे करतानाही एक चोर वाट असते. काही कुटुंबे बाटलीत जोमाने वाढतात, काही मंद असतात, आणि जागा वाचवण्यासाठी मंद बाटल्या टाकून दिल्या जातात. असे होऊ नये म्हणून प्रत्येक आईची सारख्याच संख्येने रोपे लावणीला न्यावीत. एका आईची हजार आणि दुसरीची वीस असतील, तर दोघींची वीसच घ्यावीत. बाकीची परसबागेत लागवडीसाठी द्यावीत. औषधासाठी लागणारा कंद तिथून मिळू लागला तर रानावरचा ताण उतरतो.

बाटलीतून काढलेली रोपे आधी सावलीच्या घरात, भरपूर ओलाव्यात सरावू द्यावीत आणि पावसाने जोर धरल्यावर त्याच समूहात किंवा त्याच डोंगरावरील रिकाम्या झालेल्या जागी लावावीत. प्रत्येकाला आईच्या क्रमांकाचा धातूचा बिल्ला असावा.

झाडांवर वाढणाऱ्या सीतेची वेणी, व्हँडा अशा औषधी ऑर्किडांना वरील बहुतेक नियम तसेच लागू पडतात. त्यांना बांडगूळ समजून तोडले जाते, पण ती यजमान झाडाचा रस शोषत नाहीत. रस्तारुंदीत झाड पडणारच असेल तर ऑर्किड सालीसकट काढून, शक्यतो त्याच जातीच्या झाडावर, पावसाच्या तोंडाशी सुतळीने बांधावे.

आठवी पायरी: मागणीकडे पाहणे

वैद्य आणि काष्ठौषधी दुकानदारांना या कामात सामील करून घ्यावे. च्यवनप्राशातील अष्टवर्ग या आठ औषधी वनस्पतींच्या गटापैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी ही हिमालयातील ऑर्किडे मानली जातात. त्यांतील पहिल्या दोहोंऐवजी विदारीकंद आणि पुढच्या दोहोंऐवजी वाराहीकंद वापरावा, असे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथानेच सांगितले आहे. लागवडीतून मिळणारा पर्याय शास्त्रात दिलेला असताना रानातील कंदाचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. संपूर्ण ऑर्किड कुल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात आहे आणि भारतातून रानातील ऑर्किडांच्या निर्यातीवर बंदी आहे. बाहेरचा व्यापारी मोठ्या प्रमाणात कंद मागू लागला तर ग्रामसभेने वन विभागाला आणि राज्य जैवविविधता मंडळाला कळवावे.

लावलेल्या रोपांची नोंद किमान पाच वर्षे ठेवावी, आणि ती आईच्या क्रमांकानुसार ठेवावी. एकूण ६० टक्के रोपे जगली असा आकडा पुरेसा नाही. तीसपैकी किती आयांची रोपे जगली आणि त्यांतील किती फुलली, हे लिहावे. एखाद्या आईची सगळी रोपे गेली असतील, तर साठवलेल्या कुपीतून तिचे बी पुन्हा रुजवून पुढच्या पावसात लावावे.